गर्भाशयाचा ॲडिनोमायोसिस : वर्गीकरण व आयुर्वेदीय विचार

चाळिशीच्या आसपासची रुग्णा सोनोग्राफीचा अहवाल घेऊन येते आणि त्यावर 'बल्की युटेरस, ॲडिनोमायोसिस' असा शेरा असतो, हा अनुभव आता बहुतेक वैद्यांना आहे. अशा वेळी संहितांतून एखादे समानार्थी नाव शोधून त्या नावाची चिकित्सा सुरू करण्याकडे कल दिसतो. आमच्या मते हा मार्ग अपुरा आहे. सर्व व्याधींना नावे असतातच असे नाही. दोषप्रकृती, अधिष्ठान व हेतू जाणून चिकित्सा करावी, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. सदर व्याधीचा विचार याच दृष्टीने व्हावा.

व्याधीचे स्वरूप

गर्भाशयाच्या आतील अस्तरातील स्रावी ग्रंथी व त्यांभोवतीची ऊती स्नायुस्तरात आढळणे म्हणजे ॲडिनोमायोसिस. रोकितान्स्की यांनी १८६० मध्ये याचे वर्णन केले, कलन यांनी १९०८ च्या ग्रंथात त्याचा विस्तृत अभ्यास मांडला आणि फ्रँकल यांनी १९२५ मध्ये आजचे नाव वापरले. भोवतालचे स्नायू वाढल्याने गर्भाशय गोलसर व मोठे होते. अतिरजःस्राव, कष्टार्तव व काही रुग्णांत वंध्यत्व ही प्रमुख लक्षणे होत. अनेक स्त्रियांत मात्र कोणतेच लक्षण नसते. म्हणून केवळ अहवालावरून चिकित्सा ठरवू नये.

आधुनिक वर्गीकरण

विकृती स्नायुस्तरात सर्वत्र विखुरलेली असल्यास विसरित, एका ठिकाणी मर्यादित असल्यास स्थानिक व रक्ताने भरलेली पोकळी असल्यास कोष्ठयुक्त, असे स्थूलमानाने प्रकार मानतात. एम.आर.आय.च्या आधारे २०१२ मध्ये किशी व सहकाऱ्यांनी चार प्रकार मांडले: अस्तराकडील आतील, बाह्य पृष्ठभागाकडील, भित्तीच्या मध्यातील व अनिश्चित. यांपैकी बाह्य प्रकारासोबत श्रोणीतील एंडोमेट्रिओसिस अधिक आढळतो. सोनोग्राफीची परिभाषा २०१५ मध्ये निश्चित होऊन २०२२ मध्ये सुधारली गेली. तीनुसार स्नायुस्तरातील लहान कोष्ठ ही प्रत्यक्ष खूण, तर गोलाकार गर्भाशय व असमान जाडी या अप्रत्यक्ष खुणा होत. फायब्रॉइडची कड बहुधा स्पष्ट असते, येथे ती अस्पष्ट असते.

आयुर्वेदीय विचार

चरक विमानस्थानात सांगितलेली स्रोतोदुष्टीची चारही लक्षणे येथे विचारात घेता येतात. अस्तरातील ऊती स्वस्थान सोडून स्नायूत जाणे हे विमार्गगमनाशी जुळते. अतिरजःस्राव ही अतिप्रवृत्ती होय. कोष्ठात रक्त साचून राहणे हा संग, तर स्थानिक प्रकारातील गाठ ही ग्रंथीशी तुलनीय आहे. मूळ वर्णन सिराग्रंथीचे असल्याने ही शेवटची तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावी. अधिष्ठान गर्भाशय, प्रधान दोष अपान वायू व दूष्य रक्त, असे आम्ही मानतो. पित्त व कफ यांचा अनुबंध रुग्णेनुसार पाहावा.

नाव जुळविताना भेदही पाहावा. चरकोक्त उदावर्तिनीत आर्तव सुटताच रुग्णेस तत्काळ सुख मिळते. ॲडिनोमायोसिसमध्ये स्राव सुरू झाल्यावरही वेदना पुष्कळदा टिकते. असृग्दराशी अतिस्रावापुरतेच साम्य आहे. रक्तगुल्मात आर्तव अवरुद्ध होते, येथे तसे नसते; तेव्हा ते नाव येथे लावू नये.

चिकित्सेची दिशा

अतिप्रवृत्ती प्रबल असल्यास स्तंभन व रक्तवर्धन प्रथम करावे. वेदना प्रबल असल्यास वातानुलोमन, आणि पाळी नसताना स्नेहन व बस्ती यांचा क्रम ठेवावा. गाठ असल्यास लेखन द्रव्ये रुग्णेचे बल पाहूनच द्यावीत. प्रत्येक पाळीतील पॅडची संख्या, वेदनेची तीव्रता व हिमोग्लोबिन यांची नोंद ठेवावी. त्यावरच उपशय पारखता येतो.

रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, चक्कर येण्याइतका स्राव, तीव्र पांडुता व झपाट्याने वाढणारे गर्भाशय, या अवस्थांत औषध देत थांबू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. पंचेचाळिशीनंतर अनियमित स्राव असल्यास अस्तराची तपासणी आवश्यक ठरते. दुसऱ्या टोकास, एका शेऱ्यावरून गर्भाशय काढण्याचा सल्लाही तितकाच अयोग्य होय. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यासमोर आला, तो आपणांस स्मरतच असेल.

सारांश, अहवालातून प्रकार व व्याप्ती समजते. दोष, बल व अवस्था मात्र वैद्याने स्वतः पाहावयाची असते. या दोहोंची सांगड घातल्यास कोणत्या रुग्णेस औषधाने उपशम मिळेल व कोणीस पुढे पाठवावे, हा निर्णय वेळेत घेता येतो.