ऑलिव्हर लाउरी : एका निबंधाची नोंदवही

सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात १९४७ पासून सुमारे तीन दशके औषधशास्त्र विभागाचा कारभार सांभाळणारे ऑलिव्हर लाउरी (१९१०–१९९६) हे वृत्तीने जीवरसायनज्ञ. आणि ज्या निबंधाने त्यांचे नाव जगभरच्या प्रयोगशाळांच्या दप्तरी दाखल केले, तो १९५१ साली तीन सहकाऱ्यांसह ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’त प्रसिद्ध झालेला निबंध कोणताही नवा सिद्धांत मांडत नाही, प्रथिने मोजावीत कशी एवढेच सांगतो. अल्कधर्मी द्रावात तांब्याशी संयोग पावलेल्या प्रथिनावर फोलिनचे अभिकर्मक घातले असता निळा रंग उमटतो, आणि त्याच्या गडदपणावरून प्रथिनाचे प्रमाण, ते काही मायक्रोग्रॅम इतके अल्प असले तरी, निश्चित करता येते. ज्याने ही रीत वापरली त्याने बहुधा तिचा हवालाही दिला. २०१४ साली ‘नेचर’ नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या, सर्वाधिक हवाले मिळालेल्या निबंधांच्या यादीत या निबंधाच्या संदर्भांची संख्या तीन लाखांवर भरून तो अव्वल ठरला. स्वतः लाउरी त्याला आपले श्रेष्ठ कार्य मानीत नसत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते योग्यच होते. कारण क्वार्ट्झच्या सूक्ष्म तंतूंच्या तराजूवर एकेका चेतापेशीचे वजन करून तिच्यातील विकरांचे मापन करण्याचे त्यांचे कौशल्य कितीतरी अधिक दुर्मिळ होते, परंतु ते आत्मसात करून वापरणारे, आणि म्हणून त्याचा हवाला देणारे, संशोधक त्या मानाने थोडेच निघाले.