आरोग्यसेवेची पहिली पायरी

काशीच्या घाटांवर मराठी माणसाला परकेपणा वाटत नाही. मणिकर्णिकेच्या पुढे शिंदे घाट लागतो, त्याला लागून संकठा घाट आणि थोड्या अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट. संकठा घाटाच्या उंच पायऱ्या चढून गेले की गल्लीत संकठा देवीचे मंदिर आहे. संकटनिवारण करणारी देवता म्हणून तिची ख्याती. गेल्या कार्तिकात आईला घेऊन एका यात्रामंडळासमवेत आम्ही या पायऱ्यांवर होतो, तेव्हा वेळेवर ओळखलेले संकट अर्धे टळलेले असते, याचा प्रत्यय आला.

पहाटेचे गंगास्नान आटोपले होते. हवेत गारवा होता. निम्म्या पायऱ्या चढल्यावर आई एकाएकी खाली बसली. कपाळावर घाम डवरला होता, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध होऊ लागले होते. भोवतालच्या मंडळींनी आपापली निदाने केली. कोणी म्हणाले, चढणीचा दम लागला. कोणी म्हणाले, पित्त झाले. वाहन तेथवर येणे शक्यच नव्हते.

सुदैवाने मंडळात एक परिचारिका होत्या. आपल्या राज्यातील एका उपकेंद्रात त्या समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करतात. त्यांनी गर्दी मागे सारली व आम्हाला विचारले, ''काकूंना मधुमेह आहे का? सकाळची गोळी घेतली? काही खाल्लं?'' गोळी घेतली होती. मात्र दर्शनापूर्वी अन्न घ्यायचे नाही, हा आईचा नेम. त्यांच्या पिशवीतील ग्लुकोमीटरने रक्तातील साखर ५४ दाखविली. ती ७० च्या खाली गेली की उपचार लगेच करावे लागतात.

कोणीतरी पेढा पुढे केला. ''आधी साखरपाणी, पेढा नंतर,'' त्या म्हणाल्या. खव्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरण्यास विलंब लागतो, हे त्यांनी मागाहून सांगितले. आईला नीट गिळता येते याची खात्री करून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा आकडा ८२ वर आला होता. आईने डोळे नीट उघडून विचारले, ''दर्शन राहिलं ना गं?''

आम्ही निःश्वास सोडला. बाईंनी सोडला नाही. या प्रकारच्या गोळीचा प्रभाव कित्येक तास टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून आज डॉक्टरांना दाखवायलाच हवे, असा त्यांनी आग्रह धरला. ''गोळीचं प्रमाण बदलणं माझ्या अधिकारात नाही,'' हे त्यांचे वाक्य आमच्या मनात कोरले गेले. दुपारी डॉक्टरांनी ते प्रमाण कमी केले.

अधिकार आणि मर्यादा

बँकेत काम करणाऱ्याला हे वाक्य ओळखीचे वाटेल. शाखा व्यवस्थापकास ठरावीक मर्यादेपर्यंत कर्जमंजुरीचे अधिकार असतात. त्यापलीकडचा प्रस्ताव शिफारशीसह वरिष्ठ कार्यालयाकडे जातो. प्रत्येक लहान प्रस्ताव वर पाठविला तर ग्राहक खोळंबेल आणि प्रत्येक मोठा प्रस्ताव शाखेतच निकालात काढला तर बँक अडचणीत येईल. प्राथमिक आरोग्यसेवेचेही तसेच आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये ही कल्पना अभ्यासक्रमाच्या रूपाने प्रथम मांडली. सामान्य आजार तपासून, निदान करून, उपचार करणारी 'नर्स प्रॅक्टिशनर' तेथून जगभर गेली. आपल्याकडे आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. परिचर्या किंवा आयुर्वेद शाखेचे शिक्षण आणि त्यावर सामुदायिक आरोग्याचे प्रशिक्षण, अशी त्यांची तयारी असते. या केंद्रांना २०२३ पासून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नाव मिळाले. सपाट प्रदेशात सुमारे ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात सुमारे ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण आहे.

श्वास मोजणारी नजर

परतीच्या प्रवासात बाईंनी आपल्या कामाची रीत समजावून सांगितली. खोकणारे मूल आले की आधी पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. मूल दूध पीत नसेल, निपचित पडले असेल, तर वेळ न दवडता रुग्णालयात पाठवायचे. जुलाब झालेल्या बाळाला क्षारसंजीवनी व चौदा दिवस झिंक. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तपासायची. संशयित रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे पाठवायचा आणि उपचार सुरू झाल्यावर त्याच्या गोळ्या खंडित होऊ द्यायच्या नाहीत.

अशा साध्या रीतीचे सामर्थ्य महाराष्ट्राने पूर्वीच सिद्ध केले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत ग्रामीण महिलांना नवजात अर्भकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे, जंतुसंसर्ग ओळखण्याचे व त्यावर उपचार करण्याचे शिक्षण दिले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींद्वारे नवजात अर्भकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला, त्यामागे या कामाची प्रेरणा होती.

यात्रेला निघण्यापूर्वी

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करतात. मधुमेह असल्यास उपवास व गोळ्यांची वेळ यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे. औषधांची चिठ्ठी व थोडी साखर जवळ बाळगावी. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसल्यास साखर तपासावी. यंत्र नसेल तर वाट न पाहता साखरपाणी द्यावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास मात्र तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या दिवशी आईने न्याहारी करून संकठा देवीचे दर्शन घेतले. ''नेम मोडला,'' असे ती पुटपुटली खरी. पण उरलेल्या पायऱ्या तिने बाईंचा हात धरूनच चढल्या.