पडद्यामागचा दुभाषी

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी, हे तुम्हांला ठाऊक असेलच. पण ही रांगोळी किती वेगाने काढावी लागते, याचा हिशेब कधी केला आहे का? नेहमीच्या एका पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा. २०,७३,६०० ठिपके झाले! हे चित्र सेकंदाला ६० वेळा पडद्याकडे धाडले जाते. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके. संगणकाच्या मुख्य चिपला इतर शंभर कामे असतात. म्हणून या रांगोळीसाठी ग्राफिक्स कार्ड नावाचा वेगळा कारागीर नेमलेला असतो.

हा कारागीर मोठा तल्लख, पण त्याची भाषा न्यारी. ‘खिडकी उघड’, ‘अक्षर काढ’ असे सांगून त्याला काही उमगत नाही. अमक्या खान्यात अमका आकडा ठेव, अशाच आज्ञा त्याला समजतात, आणि कार्डाची पिढी बदलली की त्याही बदलतात. उलट आपण वापरतो ते प्रोग्राम एका ठरलेल्या, सर्वमान्य भाषेत बोलतात. या दोघांच्या मध्ये जो दुभाषी उभा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

हा दुभाषी बहुधा कार्ड बनवणारी कंपनीच पुरवते. परंतु एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने आपल्या ड्रायव्हरची आज्ञावली कित्येक वर्षे बंद पेटीत ठेवली होती. लिनक्स ही संगणक प्रणाली मात्र उघड्या पुस्तकासारखी आहे. तिची ओळ न् ओळ कुणीही वाचावी, सुधारावी. तेव्हा २००५ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी ठरवले, की या कार्डांची भाषा आपणच शिकायची. त्यांच्या ड्रायव्हरचे नाव ‘नूव्हो’. फ्रेंचमध्ये याचा अर्थ ‘नवा’. या नावाची गंमत अशी, की प्रकल्पाचा जनक गप्पांच्या प्रोग्राममध्ये ‘एनव्ही’ ही अक्षरे लिहू लागला, तर यंत्राने शहाणपणा करून ‘नूव्हो’ हा शब्द सुचवला. तोच कायम झाला!

पण शिकवणारा कुणी नसताना भाषा शिकायची तरी कशी? मंडळींनी युक्ती केली. कंपनीचाच ड्रायव्हर चालू करून त्याच्याकडून एखादी साधी आकृती काढून घ्यायची. त्याआधी आणि त्यानंतर कार्डाच्या खान्यांत कोणते आकडे आहेत, ते टिपायचे. मग आकृतीत अगदी लहानसा बदल करायचा आणि कोणता आकडा हलला ते पाहायचे. रंग बदलला आणि एकच आकडा हलला, तर तो रंगाचा असणार. प्रयोगवहीत तुम्हीही एका वेळी एकच गोष्ट बदलता ना? तीच ही रीत. कार्डे अनेक प्रकारची, म्हणून ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या यंत्रांवरील नोंदी टिपून पाठवल्या. अशा तऱ्हेने तयार झालेला नूव्हो २०१० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. शब्दकोशाविना शब्दकोश रचण्याचेच हे काम, आणि माझ्या मते संगणकाच्या इतिहासात त्याला जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळालेला नाही.

आता अडचण कोठे आली ते पाहा. आधुनिक प्रोग्राम एकाच वेळी अनेक हातांनी काम करतात. या प्रत्येक हाताला थ्रेड म्हणतात. समजा, एका दुकानात दोन विक्रेते आहेत आणि पावतीपुस्तक एकच. एकाने अर्धी पावती लिहिली असतानाच दुसऱ्याने त्याच पानावर आपले गिऱ्हाईक लिहायला घेतले, तर तेलाचे पैसे साखरेच्या नावावर पडणार. नूव्होचे तसेच होत असे. दोन थ्रेड एकदम आज्ञा देऊ लागले, की आज्ञांची सरमिसळ होई आणि प्रोग्राम कोसळे. कधी तर सारा पडदाच गोठे. नूव्होची बांधणी झाली तेव्हा इतके हात एकदम पुढे येतील, ही अपेक्षाच नव्हती.

क्रोमियम हा ब्राउझर असाच अनेक हातांचा. त्याच्या कर्त्यांनी २०१८ च्या अखेरीस सरळ नूव्होचे नाव टाळावयाच्या यादीत घातले. परिणाम काय झाला? कार्ड रिकामे बसले आणि चित्र काढण्याचा बोजा मुख्य चिपवर पडला. ज्यांचा संगणक आजवर सुरळीत चालत होता, त्यांच्याही वाट्याला हेच आले. ब्राउझरवाले म्हणणार, प्रोग्राम कोसळला की लोक आम्हांलाच बोल लावतात. तेही खरेच. दोष दुभाष्यात होता, पण तो काढणारे हात मूठभर.

‘मग पावतीपुस्तकाला कुलूप लावावे’, असे तुम्ही म्हणाल. उपाय तोच आहे, पण सोपा नाही. एक जरी जागा कुलपाविना राहिली तरी घोटाळा कायम. सगळ्यालाच एक मोठे कुलूप लावले, तर एकाचे होईस्तोवर बाकीचे खोळंबणार. दोन कुलपे ठेवली, तर एकाच्या हाती पुस्तक आणि दुसऱ्याच्या हाती पेन, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत जन्मभर उभे! ही दुरुस्ती व्हायला काही वर्षे लागली.

दुसरा पेच अद्याप सुटलेला नाही. कार्ड चालू होते तेव्हा ते मंद गतीने चालते. मग ड्रायव्हर त्याची गती वाढवतो. २०१४ मधील जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीने अशी व्यवस्था केली, की गती बदलणारा आतील प्रोग्राम कंपनीच्या सांकेतिक सहीचाच हवा. नूव्होला तो मिळाला नाही. २०१८ पासूनच्या ट्युरिंग पिढीत ही कामे कार्डावरच्याच एका छोट्या प्रक्रियकाकडे गेली, त्याचा सहीचा प्रोग्राम कंपनीने उपलब्ध करून दिला, आणि जानेवारी २०२४ मधील लिनक्स ६.७ पासून नूव्हो त्याचा उपयोग करू लागला.

मधली जीटीएक्स ९०० आणि १० या मालिकांची कार्डे मात्र लटकली. कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले, की तिच्या ड्रायव्हरची ५८० क्रमांकाची शाखा या कार्डांसाठी शेवटची. म्हणजे कंपनीचा दुभाषी निरोप घेत आहे, आणि हौशी मंडळींचा दुभाषी ती कार्डे चालवतो खरा, पण पहिल्याच गिअरमध्ये.