पोवाड्याचा नायक आणि स्टालिनग्राड

१४ सप्टेंबर १९४२ च्या रात्री रोदिम्त्सेव यांच्या १३ व्या गार्ड्‌स रायफल डिव्हिजनने व्होल्गा ओलांडण्यास प्रारंभ केला. सुमारे दहा हजारांचे हे पायदळ स्टालिनग्राडमध्ये घराघरांतून लढले. ‘पावलोवचे घर’ राखणारे सैनिक याच डिव्हिजनचे. अशा अनामिकांचा लढा शाहिराने गावा कसा? अज्ञानदासाच्या अफझलखानवधापासून पोवाडा नामवंत वीराभोवती उभा राहिला. पानिपतावरील पोवाड्यांतही सरदारांचीच नावे घुमतात. अण्णाभाऊ साठे यांनी युद्धकाळातच ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला, त्याच्या शीर्षकात मात्र सेनापती नाही, शहर आहे. हा बदल केवळ पक्षनिष्ठेचा मानणे अपुरे ठरेल. मुंबईच्या गिरणीत स्वतः राबलेल्या या शाहिराला हजेरीपटावरील क्रमांकाने ओळखली जाणारी माणसे परकी नव्हती.