मोटार ओरडते कुठून?

किल्लारीत पोहण्याच्या तलावाचा पंप शोधावा लागेल, विहिरीवरची मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र) मात्र शिवारोशिवारी. दुखणी दोघांची सारखीच.

आधी स्टार्टर बंद करा आणि ऐका. वीज जाताच घुमणेही थांबले तर दोष विजेचा: कमी दाब, गेलेला फेज किंवा वायंडिंग. मोटार फिरायची थांबेपर्यंत करकर चालूच राहिली तर बेअरिंग. ते बदलणे स्वस्तातले काम. सीलही त्याच वेळी बदला, कारण तिथून झिरपलेले पाणीच बहुतेकदा बेअरिंग खाते.

आत खडे घातल्यासारखी खडखड मोटारीची नसते, पंपाची असते. हवेचा दाब पाणी फार तर १० मीटर उचलतो, व्यवहारात ६-७ मीटरच. उन्हाळ्यात तेरणाकाठच्या विहिरी खाली गेल्या की सक्शनमध्ये वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात आणि इंपेलर कुरतडला जातो. अशा वेळी नवी मोटार घेणे म्हणजे पैसेच विहिरीत टाकणे. पंप खाली उतरवा, फूटव्हॉल्व्हची जाळी साफ करा.

जळालेली मोटार एकदा भरून घेणे ठीक. पुन्हा जळली किंवा शाफ्टच झिजला असेल, तर नवी परवडते.