रमाबाईंना गवसलेले तारण

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्याआधी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी किती मायेने सांभाळतात, हे त्यांनी पाहिले होते. ही माया येते कुठून, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकायला मिळाली. पाच नवरे झालेल्या, यहुद्यांनी दूर ठेवलेल्या समाजातल्या त्या बाईशी येशू विहिरीवर आपण होऊन बोलतो. आधी सुधार, मग ये, अशी अट घालत नाही.

तरीही रमाबाईंचे मन निवायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून भेटला नाही, ही त्यांची तळमळ होती. तारणाच्या ख्रिस्ती शिकवणीतली सर्वांत अवघड जागा मला हीच वाटते. व्रते आणि तीर्थयात्रांतून पुण्य जोडत वाढलेल्या मनाला तारण विनामूल्य मिळते हे पटणे कठीण. पौल इफिसकरांच्या पत्रात मात्र तेच सांगतो: तारण हे देवाचे दान आहे, ते विश्वासाने घ्यायचे, कर्माने कमवायचे नाही. सत्कर्मे त्यानंतर येतात, कृतज्ञतेपोटी. १८९६च्या दुष्काळात होरपळलेल्या मुली-विधवांना रमाबाईंनी केडगावला दिलेला आसरा याच क्रमाने आला.