गाडी दारात येण्याआधी घरची वायर पाहा

मैत्रिणींनो, विजेवर चालणारी मोटार घ्यायची ठरली की घरात काय काय चर्चा होतात, ते तुम्हाला सांगायला नको. रंग कोणता, डिकी केवढी, एका चार्जिंगमध्ये पुण्याहून साताऱ्याला जाऊन परत येता येईल का! एक प्रश्न मात्र पेढे वाटून झाल्यावरच कुणाला तरी आठवतो. रात्री ही गाडी लावायची कुठल्या प्लगला? रोज रात्री प्लग लावायचं आणि सकाळी काढायचं काम बऱ्याच घरांत आपल्याकडेच येणार, तेव्हा हा प्रश्न आपणच आधी विचारलेला बरा.

विक्रेता बहुधा भिंतीवर बसवायची ७.२ किलोवॉटची पेटी दाखवतो. दिसायला छान असते, आणि "मोठी घ्या, लवकर चार्ज होईल" हे ऐकायलाही बरं वाटतं. पण डाळ-तांदूळ भरताना आपण महिन्याला किती लागतं ते आधी पाहतो ना? तसंच इथंही करावं. हजार वॉट एक तास वापरले की एक युनिट. लहान गाडी शहरात एका युनिटला साधारण ७-८ किलोमीटर जाते. ऑफिस, शाळा, भाजी, क्लास धरून रोजचे ४० किलोमीटर झाले, तर ५ ते ६ युनिटं लागतात. गीझरसाठी असतो तसा १५ अँपिअरचा पॉइंट तासाला तीन युनिटं देतो. म्हणजे रोजची भर दोन तासांत पडते! गाडी मात्र रात्रभर उभीच असते. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणाऱ्यांनी किंवा मोठ्या बॅटरीची गाडी घेणाऱ्यांनी पेटीचा विचार जरूर करावा. इतरांचं काम साध्या पॉइंटवर भागतं.

आणखी एक गोष्ट विक्रेता आपण होऊन सांगेलच असं नाही. खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीवरची पेटी म्हणजे एक हुशार स्विच, इतकंच. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर ७.२ ची पेटी लावूनही वेग वाढत नाही. टाटांची टियागो २०२२ साली विजेवर आली, तेव्हा तिच्यात हे दोन्ही पर्याय होते. त्यातल्या २४ युनिटांच्या बॅटरीला साध्या पॉइंटवर आठ-नऊ तास लागतात आणि ७.२ वर साडेतीन-चार. तेव्हा पेटीचे पैसे देण्याआधी आपल्या गाडीच्या आत काय आहे, ते विचारून घ्यावं.

साधा पॉइंट पुरतो म्हटलं खरं, पण तो कसाही चालत नाही हं. गीझर पाऊण तास चालतो आणि बंद होतो. इस्त्री तापली की स्वतःच थांबते. गाडी मात्र तासन्‌तास सारखी तेवढीच वीज ओढत राहते. इतका वेळ भार राहिला की वायरीतला आणि प्लगमधला प्रत्येक ढिला सांधा तापायला लागतो. आमच्या शेजारच्या वहिनींनी गाडी जिन्याखालच्या जुन्या प्लगला लावायला सुरुवात केली. महिन्याभरात प्लगचं तोंड तपकिरी पडलं, आणि एका रात्री जळल्याचा वास आला म्हणून त्या उठल्या, तेव्हा थोडक्यात निभावलं. त्यांच्या घरची वायर जुनी ॲल्युमिनियमची होती, आणि त्याच वायरीवर पाण्याचा पंपही होता.

म्हणून गाडीसाठी मेन बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर ओढून घ्यावी. त्या वायरीवर दुसरं काहीही नको. १५ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. २.५ ची स्वस्त पडते, पण रात्रभर चालायचं म्हटल्यावर मी तरी ती घेणार नाही. पेटी ३२ अँपिअरची असेल तर ६ च्या खाली जाऊच नये, आणि अंतर लांब असेल तर १० ची घ्यावी. स्वतंत्र एमसीबी हवा, आणि शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. वीज गळायला लागली की ती तत्क्षणी पुरवठा तोडते. तिचा प्रकार चार्जरबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो, तो वायरमनला वाचून दाखवावा. एक्स्टेंशन बोर्ड, थ्री-पिनचे जोडतुकडे, इन्व्हर्टरची लाइन यांच्यावर गाडी कधीच लावू नये. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर मेन बंद करून वायरमनला बोलवावं.

आता सर्वांत महत्त्वाचं, ते म्हणजे अर्थिंग. जुन्या घरांत तिसऱ्या छिद्रात वायर असते, पण ती जमिनीपर्यंत पोचलेलीच नसते. फ्रिजला चालून जातं म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. गाडीचा चार्जर मात्र खोडकर मुलासारखा अडून बसतो. लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. अशा वेळी काही वायरमन प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात आणि म्हणतात, "वहिनी, झालं बघा काम!" दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते, सगळे खूश. पण पुढे कधी न्यूट्रलची वायर तुटली, तर गाडीच्या सगळ्या पत्र्यात वीज उतरते, आणि पावसात भिजलेल्या पायांनी दार उघडणारी व्यक्ती आपल्या घरातलीच असते. असला जुगाड करू देऊ नका. अंगणात खड्डा घेऊन नीट अर्थिंग करून घ्या, आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून त्याचा चाचणी अहवाल मागून घ्या.

मग येतो वीजबिलावरचा 'मंजूर भार' हा शब्द. तो तीन किलोवॉट असेल, तर एकटी गाडीच तो खाऊन टाकते. वाढवून घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करता येतो. ७.२ ची पेटी बसवायची तर बहुधा थ्री-फेजपर्यंत जावं लागतं, आणि स्थिर आकारही वाढू शकतो. ४० किलोमीटरच्या हिशोबानं महिन्याला दीडशेच्या आसपास युनिटं वाढतात. घरात आधीच १८० जळत असतील, तर ३०० चा टप्पा ओलांडून वरची युनिटं महाग दराने पडतात. विजेवरच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात वेगळा दरगटही आहे. वेगळं मीटर घेणं परवडतं का, ते चालू दर पाहून, कागद-पेन्सिल घेऊन एकदा मांडावं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी मीटरखोलीपासून आपल्या पार्किंगपर्यंतचं अंतर मोजावं. वायरीचा खर्च पेटीपेक्षा जास्त व्हायचा! वीज आपल्याच मीटरमधून घ्यावी, जिन्याच्या दिव्यांच्या मीटरमधून नको. नाहीतर सोसायटीच्या सभेला दर वर्षी तोच विषय. केंद्राच्या वीज मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या सध्याच्याच जोडणीवरून खासगी गाडी चार्ज करायला मुभा दिलेली आहे, हे सेक्रेटरींना नम्रपणे सांगता येईल. सोबत वायर कुठून जाणार त्याचा साधा नकाशा आणि ठेकेदाराच्या परवान्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा. प्लग छातीच्या उंचीवर, झाकणाच्या आणि कुलूप लागणाऱ्या डबीत बसवून घ्यावा, म्हणजे पार्किंग धुणाऱ्या मावशींच्या पाइपचं पाणी तिथं जाणार नाही आणि मुलांची बोटंही.